उडायचंय? आधी पारसिकच्या घारी बघा

ड्रोन, पॅराग्लायडर, मायक्रोलाइट विमान, हॉट एअर बलून उडवण्यास मनाई. मुंबई परिसरात पोलिसांचा असा आदेश अधूनमधून पेपरात येतोच. आमच्या घरी तो आला की सासूबाई चष्म्यावरून माझ्याकडे, म्हणजे घरातल्या पॅराग्लायडरवालीकडे, बघतात.

आदेश नसला तरी कोपरखैरण्यात मी काय उडवणार, कपाळ? एका अंगाला मुंबईचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला नवी मुंबईचा. डोक्यावरचं आकाश जेटवाल्यांचं. पण उडता येत नसलं तरी वारा इथेच शिकता येतो. म्हणून ऑफिसात कुणी विचारलं, ‘मलाही उडायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?’ की मी त्याला ठाणे-बेलापूर रस्त्यावरून पारसिकच्या डोंगराकडे बघायला सांगते.

हिवाळा सरताना बघा. सकाळी एमआयडीसीतल्या चिमण्यांचा धूर खाडीकडे झुकलेला असतो. दुपार चढली, जमीन तापली की समुद्रावरून वारा आत शिरतो आणि तोच धूर डोंगराकडे वळतो. डोंगर आडवा आल्यावर वारा जाणार कुठे? वर. त्या चढत्या वाऱ्यावर घारी पंख न हलवता डोंगराच्या कडेकडेने उत्तर-दक्षिण येरझाऱ्या घालतात. ग्लायडरवाले याला रिज लिफ्ट म्हणतात. माथा ओलांडून शिळफाट्याच्या अंगाला गेलात तर तोच वारा खाली कोसळतो, भोवरे घेतो. तो रोटर. त्यात सापडू नये. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढचं अर्धं शिकवणं सोपं जातं.

पंख हातात घ्यायचा तर लोणावळ्यापुढचं कामशेत, तिथे पॅराग्लायडिंग शिकवतात. ठाण्याहून पहाटे इंद्रायणीने लोणावळा, तिथून पुण्याची लोकल. हँग ग्लायडिंग, म्हणजे सांगाड्याच्या पंखाखाली लटकून उडणं, शिकवणारं मला जवळपास कुणी सापडलं नाही, म्हणून मी पॅराग्लायडर, म्हणजे सांगाड्याविना नुसत्या कापडाचा पंख, धरला. सुरुवातीचे दिवस उडणं-बिडणं काही नाही, नुसतं जमिनीवर. कापड पसरायचं, दोऱ्या सोडवायच्या, त्यांत अडकलेली गवताची कुसळं एकेक करून काढायची. मग पुढचे रायझर, म्हणजे दोऱ्या जिथे येऊन मिळतात ते खांद्याजवळचे पट्टे, हातात धरून धावायचं. कापड वाऱ्याने भरतं, डोक्यावर येतं आणि एका बाजूला कलतं. डावीकडे कललं तर आपणही डावीकडे, त्याच्या खाली पळायचं असतं. अंग नेमकं उलट्या बाजूला ओढ घेतं. ती ओढ मोडण्यातच वेळ जातो. मान वर न करता, नुसत्या खांद्यांवरच्या ताणावरून पंख कुठे आहे ते कळायला लागलं, की सर टेकडीच्या वरच्या टप्प्यावर नेतात.

टँडेमची, म्हणजे वैमानिकासोबत जोडीने, एक फेरी मारून ‘पॅराग्लायडिंग केलं’ असं स्टेटस ठेवणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मागे वैमानिक बसलेला असतो, तुम्ही सामान असता.

मन मात्र अजून हँग ग्लायडरवर आहे. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, खाली त्रिकोणी चौकट आणि आपण पोटावर लटकलेलो. ही चौकट ऑस्ट्रेलियाच्या जॉन डिकन्सन यांनी १९६३ मध्ये पंखाला जोडली. सुकाणू म्हणजे आपलंच वजन. दांडी अंगाकडे ओढली की नाक खाली जातं, वेग वाढतो. पुढे ढकलली की वेग घटतो. घाबरलेला नवखा ती पुढे ढकलतो आणि जो वेग हवा तोच घालवून बसतो. पण पंचवीस-तीस किलोचं, गुंडाळल्यावरही पाच मीटरहून लांब असलेलं ते बोचकं आमच्या इमारतीत ठेवायचं कुठे? पॅराग्लायडर निदान पाठीवर मावतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये बायका विचारतात, “काय गं, गादी घेऊन निघालीस?”

हँग ग्लायडरच्या पंखाखाली तीन चाकं, सीट आणि इंजिन लावलं की झाली मायक्रोलाइट ट्राइक. दांडीचा हिशेब तोच. काही मायक्रोलाइट म्हणजे सरळ छोटी विमानंच, आणि त्यांत दांडा ओढला की नाक वर जातं, म्हणजे सगळं उलट. दोन्हींना धावपट्टी लागते, डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक खात्याचं लायसन्स आणि मेडिकल लागतं, शिवाय खिसा लागतो. घरात कुणी कॉलेजात असेल तर एनसीसीच्या एअर विंगची चौकशी करा. २०१५ मध्ये हवाई दल, नौदल आणि एनसीसी मिळून स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीची १९४ मायक्रोलाइट मागवली गेली, त्यांतली एनसीसीची कॅडेटना उडण्याचा अनुभव मिळावा म्हणून.

पावसाळ्यात कामशेतला उडणं बंद असतं, तेव्हा ऑक्टोबरसाठी आधीच विचारून ठेवा. बूट घोट्याच्या वर येणारे घ्या. आणि विम्याच्या पॉलिसीतलं साहसी खेळांचं कलम वाचा. एजंट ते आपणहून दाखवत नाही.