सगळ्यांना ॲडमिन करून द्या

२०२४ च्या एप्रिलअखेरीस एका संस्थेतून फोन आला. अडचणीत सापडलेल्या बायकांसाठी निवारागृह चालवतात, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. देणगीदारांचा सगळा हिशेब सिव्हीसीआरएम नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये (थोडक्यात सिव्ही), ते त्यांच्या वर्डप्रेसवर बनवलेल्या साइटवर बसवलेलं, आणि मी नेमकं हेच काम करते, संस्थांना हे सॉफ्टवेअर लावून देणं आणि अडलं तर सोडवून देणं. निरोप एवढाच की मॅडम, अकाउंटच्या काकांना रिपोर्ट दिसत नाहीये, त्यांना ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, करून द्या, आणि हातासरशी बाकीच्या दोघातिघांनाही करून टाका म्हणजे परत परत कटकट नको.

घाई होती ती १०बीडीची. ज्या संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीदाराला करात सूट मिळवून देणारी मान्यता, आहे तिने वर्षभरातल्या देणग्यांचं हे विवरणपत्र ३१ मेपर्यंत इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर भरायचं असतं, २०२१-२२ च्या आर्थिक वर्षापासून हे लागू झालं. प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक, रक्कम, पैसे रोख आले की बँकेतून, सगळं त्यात भरायचं. ते झालं की पोर्टलवरूनच १०बीई सर्टिफिकेट निघतं आणि ते हातात असलं तरच देणगीदाराला सूट मागता येते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी, वर १० हजारांपासून १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, छोट्या संस्थेला हे परवडत नाही.

फोनवर पाच मिनिटांत होण्यासारखं काम होतं पण मी म्हटलं आधी येऊन बघते.

युजरची यादी उघडली तर नऊ नावं आणि त्यातली सात ॲडमिनिस्ट्रेटर. फोन करून देणग्या मिळवणाऱ्या फंडरेझिंगच्या ताई, समुपदेशक, ऑफिसमधला मुलगा, दोन विश्वस्त, संस्थेच्या संचालिका (त्यांना सगळे ताईच म्हणतात, मीही तेच लिहिते) आणि पूर्वी साइट बनवून दिलेला एक स्वयंसेवक जो आता संस्थेत येतही नाही. हे असं का होतं ते मला पाठ झालंय. वर्डप्रेसमध्ये मुळात पाचच रोल, म्हणजे युजरचे प्रकार, येतात आणि कुणाला एडिटर केलं तरी सिव्हीचे देणग्यांचे मेनू आपोआप दिसत नाहीत, त्यासाठी परवानग्यांच्या पानावर जाऊन एकेक खूण करावी लागते, शंभराच्या आसपास ओळी असतात, नावं अवघड, कोण वाचत बसणार, मग कुणाला काही दिसलं नाही की करा ॲडमिन. आणि त्या पानावर साध्या, एकाच साइटच्या वर्डप्रेसमध्ये ॲडमिनिस्ट्रेटरचा रकानाच नसतो कारण त्याला सगळंच दिलेलं असतं. म्हणजे ॲडमिनला थोडं कमी करा हा प्रकार इथे नाही, एक तर तो माणूस ॲडमिन आहे किंवा नाही.

मी सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं. कुणाला काय परवानगी हवी असं मी कधीच विचारत नाही, त्यावर सगळे सगळंच मागतात. मी विचारते सकाळी आल्यापासून तुम्ही या स्क्रीनवर काय काय करता, करून दाखवा.

फंडरेझिंगच्या ताईंनी लॅपटॉप पुढे ओढला आणि दाखवायला लागल्या की दर महिन्याला देणगी आली की मी असा फोन लावते, हे नाव, हा नंबर. सहज म्हणून त्यांनी यादीतलं एक नाव उघडलं. महिना २०० रुपये, वर्षभर न चुकता. पत्ता, कंपनीचं नाव, पॅन. आणि खाली टॅग होता, माजी निवासी. ॲक्टिव्हिटीच्या टॅबमध्ये तर समुपदेशनाच्या नोंदी, तारखांसकट.

समुपदेशक बाई खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, बंद करा ते आधी. ही बाई इथून बाहेर पडली तेव्हा नवा पत्ता फक्त मला आणि ताईंना सांगून गेली होती, तिचा नवरा नंतर दोनदा गेटवर येऊन गेलाय, ऑफिसमधल्या मुलाशी गोड बोलून चौकशी करून गेलाय. तो मुलगा तिथेच बसलेला, त्याचा चेहरा पडला, म्हणाला मी काहीच सांगितलं नाही हो. खरंच सांगितलं नव्हतं, त्याला ते नाव यात आहे हेच माहीत नव्हतं. पण त्याच्या लॉगिनमधून ते दोन क्लिकवर होतं, आणि स्वयंसेवकाच्या लॉगिनमधूनही.

हे रेकॉर्ड असं झालं कसं ते शोधायला तासभर गेला. कधीतरी माजी निवासींना कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवायचं म्हणून कुणीतरी त्यांची एक्सेल यात इम्पोर्ट केली होती, नोंदींसकट. पुढे तिने नोकरी लागल्यावर देणगी सुरू केली तेव्हा तिचं दुसरं रेकॉर्ड तयार झालं, आणि मग कुणीतरी डुप्लिकेट काढायचं काम चांगल्या मनाने केलं, फोन नंबर एकच म्हणून दोन्ही मर्ज. मर्ज केलं की एक रेकॉर्ड कचऱ्यात जातं आणि त्याच्या नोंदी, टॅग, सगळं दुसऱ्याला चिकटतं, आणि मागे फिरायला बटण नाही. म्हणून मर्जची परवानगी मी संस्थेत एकाच माणसाला देते आणि लोकांना ते उगाच कडक वाटतं.

ताईंनी लगेच विचारलं, आतापर्यंत हे कुणी कुणी बघितलं ते कळेल का? नाही कळणार. सिव्हीमध्ये सविस्तर लॉगिंग चालू करता येतं, इथे ते बंदच होतं, पण चालू असतं तरी त्यात बदल नोंदले जातात, कुणी काय बदललं, कधी बदललं. नुसतं उघडून वाचलं त्याची ओळ त्यात उमटत नाही. संस्थांमध्ये सगळी काळजी असते की कुणी काही डिलीट करू नये, आणि बघायची मुभा मात्र सरसकट. डिलीट झालेलं बॅकअपवरून परत आणता येतं, वाचलेला पत्ता कसा परत आणणार.

एक विश्वस्त म्हणाले मग तिचा पत्ताच काढून टाका. तेही चालणार नव्हतं, १०बीडीत देणगीदाराचा पत्ता लागतो आणि त्या विवरणपत्रावर संस्थेची सही असते, तिथे संस्थेचा पत्ता घुसवणं म्हणजे चुकीची माहिती भरणं. तिची देणगी यादीतून वगळा असंही कुणी म्हणालं. समुपदेशक बाईंनी तिथूनच तिला फोन लावला, बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलल्या आणि आत येऊन सांगितलं की तिला पावती हवी आहे, बाकीच्यांना मिळते तशी, स्वतःच्या नावाची. विषय संपला.

मग बसले कामाला. वर्डप्रेसमध्ये नवीन रोल केले, अकाउंट आणि फंडरेझिंग. काकांना सगळे काँटॅक्ट बघायची आणि देणग्या नोंदवायची, दुरुस्त करायची परवानगी, पण देणगी डिलीट करायची नाही. काका जरा नाराज झाले, चुकीची नोंद पडली तर काय करू म्हणाले, तर ती रद्द म्हणून ठेवायची, ऑडिटरलाही तेच बरं पडतं, पावतीपुस्तकातलं चुकलेलं पान आपण फाडत नाही तसं. हे त्यांना लगेच पटलं, तीस वर्षं पावतीपुस्तकं सांभाळलेला माणूस.

पॅन कस्टम फील्डमध्ये, म्हणजे संस्थेने स्वतः जोडलेल्या रकान्यात, होता. सिव्हीत सगळी कस्टम माहिती बघण्याची एक वेगळी परवानगी असते, ती फंडरेझिंगकडून काढली आणि फक्त अकाउंटला ठेवली, फोन करून आभार मानायला पॅन कशाला लागतो.

खरी गुंतागुंत त्या एका रेकॉर्डची होती, आणि शोधल्यावर तशी आणखी चार निघाली. त्यांच्यासाठी सुरक्षित नावाचा एक ग्रुप केला आणि दुसरा स्मार्ट ग्रुप, म्हणजे अटीवरून आपोआप बनणारी यादी, त्यात सुरक्षितमध्ये नसलेले सगळे. फंडरेझिंगला एसीएल, म्हणजे कुणाला कुठला ग्रुप दिसेल याचा नियम, लावून फक्त हा दुसरा ग्रुप बघायची मुभा. इथे बरेच जण अडकतात, एसीएल अगदी बरोबर लावतात पण त्या रोलला सगळे काँटॅक्ट बघा ही खूण तशीच राहिलेली असते, आणि ती खूण असली की एसीएल विचारातच घेतला जात नाही. नियम दिसतो, काम करत नाही, आणि ॲडमिन म्हणून तपासलं तर काहीच कळत नाही कारण ॲडमिनला कायम सगळं दिसतं. म्हणून तपासायचं ते त्याच माणसाच्या लॉगिनने.

फंडरेझिंगच्या ताईंनी स्वतःच्या लॉगिनने नाव टाकलं. आलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं थांबा, स्मार्ट ग्रुपची यादी साठवून ठेवलेली असते, नेहमीच्या सेटिंगला पाच मिनिटांनी ताजी होते. चहा आला होता पण कुणी कप उचलला नाही. परत नाव टाकलं, काही सापडलं नाही. आडनावाने टाकलं, नंबरने टाकलं, नाही. मग काकांच्या लॉगिनने १०बीडीची यादी काढली, त्यात ती ओळ व्यवस्थित होती. समुपदेशनाच्या नोंदी आणि टॅग त्याआधीच सगळ्या रेकॉर्डवरून उचलून काढले होते, मुळात ते देणगीदारांच्या सॉफ्टवेअरमध्ये असायचं कारणच नाही, त्याची कागदी फाइल समुपदेशकांच्या कुलपात असते ती पुरे.

मग ॲडमिन कोण राहणार यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. एक विश्वस्त स्पष्ट म्हणाले, संस्था आम्ही उभी केली आणि आता आम्हालाच बंद? मला यावर बोलायचंच होतं पण ताईच बोलल्या. दादा, बायकांच्या खोल्यांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत का? वॉर्डनकडे आहेत, मी दार वाजवून आत जाते. माझंही ॲडमिन काढा, मला महिन्याचा बेरजेचा रिपोर्ट पुरतो. दोनच ॲडमिन ठेवले, ऑफिस सांभाळणाऱ्या एक बाई आणि विश्वस्तांपैकी कॉम्प्युटर जाणणारे एक, आणि दोघांचंही रोजचं काम वेगळ्या साध्या लॉगिनने, ॲडमिनचं लॉगिन फक्त सेटिंग बदलायला. एकच ॲडमिन ठेवू नये, तो आजारी पडला की संस्था अडते.

स्वयंसेवकाचं खातं बंद करताना ऑफिसमध्ये जरा कुचंबणा झाली, चांगला मुलगा आहे हो, त्याला वाईट वाटेल. मी त्यांना ब्लॅकबॉडचं सांगितलं. देणगीदारांचं सॉफ्टवेअर पुरवणारी मोठी अमेरिकन कंपनी, २०२० मध्ये तिथून जगभरातल्या हजारो संस्थांच्या देणगीदारांची माहिती गेली, कंपनीने २४ बिटकॉइन खंडणी दिली, आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये जे मांडलं त्यानुसार हल्लेखोर आत शिरला तो एका ग्राहकाचं लॉगिन आणि पासवर्ड वापरून, आत गेल्यावर त्याने नवीन ॲडमिन खाती तयार केली. त्या ग्राहकाच्या मनात काही वाईट असेल असं नाही, पासवर्ड चोरीला जायला माणूस वाईट असावा लागत नाही. मुलाला फोन केला तर तो उलट म्हणाला, बरं झालं, माझ्याकडे होस्टिंगचा पासवर्डही आहे तोही बदलून घ्या. हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

निघताना मी विचारलं की आधी काढलेल्या एक्सेल कुठे आहेत. तीन लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर देणगीदार फायनल, देणगीदार फायनल नवीन अशा फाइली, एक तर ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली, पत्ते आणि पॅनसकट. सॉफ्टवेअरमधल्या परवानग्या त्या फाइलींपर्यंत पोहोचतच नाहीत. त्या एकेक करून काढल्या, ग्रुपवरची ज्याने टाकली त्याला सगळ्यांसाठी डिलीट होत नव्हती, फार जुनी झालेली, मग प्रत्येकाने आपल्या फोनमधून काढली आणि नवीन ग्रुप केला.

आणि एक गोष्ट काकांनीच काढली जी मी कुठल्या स्क्रीनवर लावू शकले नसते. १०बीई आली की ऑफिसमधला मुलगा प्रिंट काढून पाकिटावर पत्ते लिहून कुरियर करतो. म्हणजे तो पत्ता पुन्हा त्याच टेबलावर. ठरलं असं की सुरक्षित ग्रुपमधल्या पाचही जणींची सर्टिफिकेटं काका स्वतः डाउनलोड करून समुपदेशक बाईंकडे देणार आणि त्या हातोहात पोचवणार. काकांनी ते डायरीत लिहून घेतलं, पोर्टलवर १०बीडी मेच्या मध्यालाच भरून टाकलं, आणि पुढच्या आठवड्यात फोन करून मला विचारलं की सुरक्षितमधली एखादी बाई उद्या म्हणाली की मला आता लपायची गरज नाही, तर तिला ग्रुपमधून कोणी काढायचं? मी म्हटलं समुपदेशकांनी सांगायचं, तिच्याकडून लेखी घेऊन, आणि ॲडमिनने करायचं, दोघांपैकी एकट्याने नाही.