डिचोली ते अनमोड घाट: पॉइंटवाला पेट्रोल ट्रक आणि वाटेतली दुरुस्ती

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही आमचा जुना पेट्रोल ट्रक गोव्यातल्या डिचोलीहून साखळी, होंडा, उसगाव, धारबांदोडा आणि मोले या मार्गाने अनमोड घाटाच्या माथ्यापर्यंत नेला आणि परत आणला. ट्रक जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसानच्या परवान्याखाली बनलेला, लष्कराच्या लिलावातून बाहेर आलेला वन-टन आहे. इंजिन सहा सिलिंडरचे, चार लिटरला किंचित कमी. त्यात ठिणगीचे सारे काम अजूनही जुन्या पद्धतीने, म्हणजे डेल्कोतल्या (सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधल्या) सी.बी. पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करून वीज तोडणाऱ्या दोन टोकांवर, आणि कंडेन्सरवर चालते; कंडेन्सरचे काम पुढे सांगितले आहे. सोबत माझे थोरले मामा होते, ज्यांचा उमेदीचा सगळा काळ गॅरेजमध्ये गेला आहे. सपाट रस्त्यावर गाडी कितीही गोड चालली, तरी घाट चढून उतरल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे त्यांचे ठाम मत असल्यामुळे पावसाळा लागण्यापूर्वी ही फेरी करायचे ठरले. वाटेत इग्निशनने, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेने, आम्हाला वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या कारणांनी थांबवले. अशा इंजिनाची गाडी घेऊन या वाटेने जाणाऱ्यांना ती कारणे आणि ती शोधण्याची रीत उपयोगी पडेल, म्हणून हा वृत्तांत तपशिलाने लिहीत आहे.

डिचोली ते होंडा हा भाग निर्वेध पार पडला. होंड्याहून पिसुर्लेमार्गे उसगावकडे येताना मात्र गाडीचा दम कमी झाल्याचे जाणवू लागले. रिकाम्या रस्त्यावर इंजिन एकसारखे चालत होते, परंतु चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ते जड होई, आणि तापमानाचा काटाही नेहमीपेक्षा वर सरकला होता. तिस्क-उसगावला बाजाराच्या अलीकडे सावली पाहून थांबलो, डेल्कोची कॅप काढली आणि पॉइंटचा गॅप, म्हणजे ते पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात राहणारे अंतर, मोजला. निघताना ०.५ मिलिमीटर ठेवलेला गॅप ०.३ मिलिमीटरवर आला होता.

आमचे पॉइंट नवे होते, आणि नव्या पॉइंटच्या बाबतीत ही गोष्ट अपेक्षितच असते. पॉइंटच्या हलत्या पात्याला फायबरची टाच असते, ती डेल्कोच्या शाफ्टवरच्या कॅमला (उंचवटे असलेल्या फिरत्या भागाला) घासत असते आणि सुरुवातीच्या काही अंतरात ती सर्वांत जास्त झिजते. टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि त्यामुळे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडते. टायमिंग मागे पडलेले इंजिन ओढीला कमी पडते आणि तापते, म्हणून पुष्कळ जण अशा वेळी रेडिएटरकडे धाव घेतात. डेल्कोचा शाफ्ट क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे डेल्कोवर एका अंशाचा फरक पडला तर क्रँकवर दोन अंशांचा पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे एवढ्या लहान झिजेचा परिणाम एवढा मोठा का होतो ते कळते. नवे पॉइंट बसवले असतील तर पहिल्या तासा-दीड तासाच्या प्रवासानंतर गॅप पुन्हा मोजण्यासाठी मुद्दाम थांबावे. या मार्गावर तिस्क-उसगाव ही त्यासाठी सोयीची जागा आहे, कारण तेथे सावली मिळते, चहा मिळतो आणि गाडी रस्त्यापासून पुरेशी आत घेता येते.

गॅप बसवताना फायबरची टाच कॅमच्या उंचवट्याच्या नेमक्या माथ्यावर आणावी लागते. त्यासाठी हँडल मारून इंजिन थोडे थोडे फिरवावे. स्टार्टरने ते त्या बिंदूवर थांबत नाही. फिलर गेजची, म्हणजे बारीक अंतर मोजण्याच्या साधनाची, पातळ पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. स्क्रू आवळला की पट्टी थोडी हलतेच, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजल्याशिवाय कॅप लावू नये. अशा सहा सिलिंडरच्या इंजिनांत बहुधा ०.४५ ते ०.५५ मिलिमीटर गॅप चालतो, तरी आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. जुन्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार झाला असेल तर फिलर गेज फसवते. पट्टी उंचवट्यावर टेकते आणि खरा गॅप त्याहून मोठा असतो. असे पॉइंट बदलणे उत्तम, आणि ते पुन्हा पुन्हा तसेच होत असतील तर कंडेन्सरची क्षमता इंजिनाला जुळत नाही असे समजावे. टाचेला कॅमवरचे ग्रीस मोहरीएवढे लावावे. जास्त लावले तर ते उष्णतेने पातळ होऊन पॉइंटवर उडते आणि तेथे काळा थर धरतो. इंजिन ऑईल तर मुळीच लावू नये.

आणखी एक क्रम पाळावा: आधी गॅप, मग टायमिंग. गॅप बदलला की टायमिंग बदलते, परंतु टायमिंग बदलले म्हणून गॅप बदलत नाही. आमचे टायमिंग घरी ०.५ च्या गॅपवर बसवलेले होते, त्यामुळे गॅप पूर्ववत करताच टायमिंगही जागेवर आले आणि डेल्को सैल करण्याची वेळ आली नाही. धारबांदोड्याच्या चढावर ट्रकने पहिली ओढ पुन्हा दाखवली.

मोले सोडल्यावर घाट सुरू होतो. वळणावळणांचा, अवजड वाहतुकीचा हा रस्ता आहे, आणि कर्नाटकाकडे जाणाऱ्या मालट्रकांच्या मागे खालच्या गिअरमध्ये तासनतास चालण्याची वेळ येऊ शकते. वेग कमी आणि इंजिन जोरात, अशा स्थितीत बॉनेटखालची उष्णता विलक्षण वाढते. दूधसागर देवीच्या मंदिराच्या पुढे गेल्यावर इंजिन एक-दोनदा खोकले, एका वळणावर सायलेन्सरमधून फटका मारला आणि बंद पडले. सुदैवाने थोडी रुंद जागा होती. चाकांना दगड लावले, मागे झाडाच्या फांद्या ठेवल्या.

मागून येणाऱ्या एका चालकाने थांबून लगेच निदान सांगितले, “पेट्रोल तापलंय, पंपावर ओला कपडा टाका आणि वीस मिनिटं बसा.” हे निदान अवाजवी नाही. यांत्रिक पंप आणि एक्झॉस्टजवळून जाणारी पेट्रोलची नळी असलेल्या इंजिनात उकाड्याच्या दिवसांत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटतो, हे खरेच आहे. अडचण अशी की तापलेला कंडेन्सर बिघडला तरी लक्षणे हीच असतात, आणि ओला कपडा टाकून वीस मिनिटे बसले की पंपाबरोबर कंडेन्सरही थंड होतो. गाडी सुरू होते, माणूस निश्चिंत होतो आणि दोन वळणांनंतर पुन्हा थांबतो. म्हणून मी या संपूर्ण लेखात एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: गाडी बंद पडल्याबरोबर, सारे काही तापलेले असतानाच, ठिणगी आहे की नाही हे आधी पाहावे. थंड झाल्यावरची तपासणी काहीही सिद्ध करत नाही.

मामांनी हेच केले. “तू स्टार्टर मार, मी बघतो,” असे म्हणून त्यांनी डेल्कोच्या कॅपमधली मधली जाड वायर काढली आणि रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनाच्या ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरले. चांगली ठिणगी निळसर, जाडसर असते आणि तिचा टक् असा आवाज कानाला येतो. आमची ठिणगी पिवळट आणि बारीक होती, मध्येच नाहीशी होत होती. बिघाड पेट्रोलचा नाही, हे तेवढ्यात ठरले. ही तपासणी करताना आसपास पेट्रोल गळत नसल्याची खात्री करावी आणि वायर उघड्या हाताने धरू नये. त्या टोकाला हजारो व्होल्टचा दाब असतो.

पुढची पायरी टेस्ट लॅम्पची. पाच वॅटच्या आतला बारा व्होल्टचा बल्ब, त्याची एक वायर कॉइलच्या (बॅटरीच्या विजेचा दाब ठिणगीसाठी वाढवणाऱ्या भागाच्या) डेल्कोकडे जाणाऱ्या टोकाला आणि दुसरी बॉडीला लावावी, इग्निशन चालू करून हँडल मारावे. पॉइंट उघडले की बल्ब लागतो, मिटले की विझतो. बल्ब सतत लागलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा मिटूनही त्यांच्यातून वीज जात नाही: त्यांवर थर आहे, गॅप फार मोठा आहे, किंवा डेल्कोच्या आतली वायर तुटली आहे. बल्ब मुळीच लागला नाही तर डेल्कोकडे जाणारी वायर कॉइलवरून सोडवून पाहावी. मग लागला तर डेल्कोच्या आत कोठेतरी वीज बॉडीला जाते आहे, आणि अशा वेळी पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा; तरीही लागला नाही तर कॉइलपर्यंत पुरवठाच पोहोचत नाही किंवा कॉइल आतून तुटली आहे. आमचा बल्ब अगदी नियमित उघडझाप करत होता. म्हणजे पॉइंट आपले काम करत होते आणि उरले कंडेन्सर व कॉइल.

कंडेन्सरचे काम समजून घेतले की त्याचा बिघाड ओळखणे सोपे जाते. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातून वीज वाहते आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच ते क्षेत्र एकाएकी कोसळले तरच दुसऱ्या वेटोळ्यात मोठा दाब निर्माण होतो. कंडेन्सर नसेल तर उघडणाऱ्या पॉइंटमध्येच वीज उडी मारत राहते, क्षेत्र हळूहळू ओसरते आणि प्लगला अशक्त ठिणगी मिळते. १८०० फेऱ्यांवर चालणाऱ्या सहा सिलिंडरच्या इंजिनात हे दर सेकंदाला नव्वद वेळा घडावे लागते. आम्ही कॅप काढून, पॉइंट मिटलेल्या स्थितीत इग्निशन चालू करून, लाकडी काडीने पॉइंट उघडून पाहिले, तेव्हा त्यांच्यामध्ये ठळक निळी-पांढरी चमक दिसली. चांगल्या कंडेन्सरवर ती जेमतेम दिसते.

मामांच्या डब्यात वर्षानुवर्षे वापरून खात्रीचा ठरलेला एक जुना कंडेन्सर होता. तो डेल्कोच्या आत बसवण्याची गरज नसते. तापलेल्या कंडेन्सरची वायर सोडवून बाजूला केली, जुन्या कंडेन्सरचे धातूचे अंग कॉइलच्या पट्ट्याखाली स्वच्छ केलेल्या जागी आवळले आणि त्याची वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला जोडली. बिघडलेला कंडेन्सर मात्र सोडवलाच पाहिजे, कारण तो आतून गळका झाला असेल तर शेजारी चांगला लावूनही उपयोग होत नाही. ठिणगी लगेच निळी झाली, ट्रक पहिल्याच स्टार्टरला सुरू झाला आणि माथ्यापर्यंत कोठेही थांबला नाही. हाच उपाय कोणत्याही बारा व्होल्टच्या जुन्या पेट्रोल गाडीच्या कंडेन्सरने तात्पुरता करता येतो. त्यांची क्षमता साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडच्या आसपास असते. बिघडलेला कंडेन्सर नवा कोरा होता. नवा भाग म्हणजे चांगला भाग हे गृहीत धरू नये, आणि जो जुना भाग चालत असताना काढला असेल तो कधी फेकू नये.

कंडेन्सर बदलूनही ठिणगी सुधारली नसती तर कॉइल बदलावी लागली असती, कारण कॉइलही तापल्यावर अशीच दगा देते. हात ठेवता येणार नाही इतकी कॉइल तापत असेल तर तिला बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारी वीज कमी करणारा रोध) हवा आहे का आणि तो कोणी वगळला आहे का, ते पाहावे. थेट बारा व्होल्टवर चालणाऱ्या कॉइलच्या पहिल्या वेटोळ्याचा रोध सुमारे तीन ओहम, तर बॅलास्टसह चालणारीचा सुमारे दीड ओहम भरतो. तपासणीच्या नादात पॉइंट मिटलेले असताना इग्निशन चालू ठेवून गप्पा मारत बसू नये; कॉइल आणि पॉइंट दोन्ही त्यानेच जळतात.

याच जातीचा आणखी एक बिघाड आम्हाला भेटला नाही, पण घाटात भेटू शकतो. पॉइंट ज्या प्लेटवर बसतात तिला बॉडीशी जोडणारी बारीक विणलेली वायर असते. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या ओढीप्रमाणे टायमिंग बदलणारा भाग) प्लेटला पुढेमागे करतो तशी ती वाकत राहते आणि शेवटी आतून तुटते. बाहेरून अखंड दिसते. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की इंजिन तुटक चालत असेल आणि एका गतीवर सुरळीत राहत असेल, तर तिला चिमट्याने हळूच ओढून पाहावे.

उतरताना वळिवाचा पाऊस आला. मोल्याजवळ साचलेल्या पाण्यातून गेल्यावर पंख्याने उडवलेले पाणी डेल्कोवर बसले आणि इंजिन तीन-चार सिलिंडरवर आले. कॅप काढून आतून-बाहेरून सुक्या सुती कापडाने पुसली, वायरींची टोके पुसली आणि पुढे निघालो. कॅपच्या आत दोन टोकांमध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती पुसून जात नाही. ती कॅप बदलावी. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर वायरींवरून उडणाऱ्या निळ्या ठिणग्या गळतीची जागा आपोआप दाखवतात. पावसाळ्यात जाणार असाल तर रेडिएटर आणि डेल्को यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा रबरी पडदा बांधावा, पंख्याला आणि एक्झॉस्टला लागणार नाही असा.

सुटे भाग म्हापसा किंवा फोंडा येथेच घेऊन निघावे. पॉइंटचा संच, कंडेन्सर, रोटर (डेल्कोच्या कॅपखाली फिरून ठिणगी वाटणारा तुकडा), चांगली कॉइल, फिलर गेज, टेस्ट लॅम्प आणि कोरे जाड कार्ड एवढे सोबत असले की इग्निशनचा जवळजवळ कोणताही बिघाड रस्त्यावर निस्तरता येतो. घाटात बऱ्याच वळणांवर आम्हाला मोबाईलची रेंज मिळाली नाही, तेव्हा कोणाला बोलावू या भरवशावर राहू नये.

परतल्यावर ट्रक पावसाळ्यासाठी शेडमध्ये ठेवला आहे. गोव्याच्या दमट, खारट हवेत दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या पॉइंटवर डोळ्यांना न दिसणारा थर चढतो आणि चांगली गाडी सुरू होत नाही. अशा वेळी पॉलिश पेपर वापरू नये, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. मिटलेल्या पॉइंटमधून पेट्रोलमध्ये किंचित भिजवलेले कार्ड ओढावे, मग कोरडे कार्ड ओढावे, आणि कार्डावर काळे उमटणे थांबेपर्यंत ओढत राहावे.