रक्त न सांडलेली साक्ष

३० नोव्हेंबर, रविवार

१८१२ साली आजच्याच तारखेला हॅरिएट न्यूवेल ही अमेरिकन मिशनरी मॉरिशसला वारली. वय अवघं १९. सकाळी उपासनेत पाळकांनी रक्तसाक्ष्यांची, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेल्यांची, आठवण केली, त्यांतल्या पहिल्या स्तेफनाचं नाव घेतलं; माझ्या मनात मात्र ही मुलगीच घोळत राहिली.

रक्तसाक्षी. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ नुसता साक्षीदार. रक्त आपण त्याला नंतर जोडलं. हॅरिएटचं रक्त कुणीच सांडलं नाही. लग्नाला दहा दिवस झाले होते, तेव्हा ती नवऱ्यासोबत अमेरिकेतल्या सेलमच्या बंदरातून जहाजात बसली. जूनमध्ये कलकत्ता. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, देश सोडा म्हणून हुकूम आला. दिवस गेलेले असताना पुन्हा जहाज. समुद्रावरच मुलगी झाली, पाच दिवसांत गेली. पुढे क्षयाने आईही गेली. ना शाळा काढता आली, ना कामाची जागा ठरली.

तरी अमेरिकेत तिला हुतात्मा म्हटलं गेलं. तिची रोजनिशी नि पत्रं छापली, ती वाचून कितीतरी मुली मिशनकार्याकडे वळल्या. इथेच मला बोचतं. एवढा मोठा शब्द वर पांघरला की खालची आजारी, थकलेली पोर दिसेनाशी होते. आणि त्या तान्हीला तर साक्षीदारांत कुणी धरलंच नाही.

नवरा, सॅम्युएल, एकटाच सिलोनला गेला, १८१४ मध्ये मुंबईला आला. घरी परतला असता तर कोण बोल लावणार होतं? तो सात वर्षं इथेच राबला आणि १८२१ च्या मे महिन्यात पटकीने गेला. त्याचा सोबती गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडे गेला, तिथेही पटकीच. जवळची बहुतेक औषधं त्याने रोग्यांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर त्यालाच पटकीने गाठलं, एका देवळाच्या ओसरीत त्याचा जीव गेला.

आपल्या पूर्वजांचा धर्म या लोकांना निव्वळ अंधार वाटायचा. ते मला आजही मान्य नाही. पण औषधाची ती रिकामी होत गेलेली पेटी मला कुठल्याही प्रवचनापेक्षा खरी साक्ष वाटते.

आज नाताळाआधीच्या आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लावली. घरच्या प्रार्थनेआधी आईने नेहमीसारखं विचारलं, "आज कुणासाठी गं?"

"पाच दिवसांच्या एका मुलीसाठी," मी म्हटलं.