सहा पेट्यांतले राजे

आपल्या शाळेच्या पुस्तकात इंग्रज येतात ते थेट व्यापारी म्हणून. १६०० साल, ईस्ट इंडिया कंपनी, सुरतेची वखार, आणि पुढचं सगळं आपल्याला पाठ. पण त्याआधी ही माणसं कुठे होती, त्यांच्यावर कुणी राज्य केलं, त्यांना कुणी लुटलं, हे विचारलं तर आठव्या हेन्रीच्या सहा बायकांपलीकडे आपली मजल जात नाही. नोकरी संपल्यावर मी मुद्दाम हा आधीचा भाग वाचायला घेतला, रोमनांपासून सतराव्या शतकातल्या स्टुअर्ट राजांपर्यंत. सगळ्यात जास्त छळलं ते नावांनी. वेसेक्सचा राजा एथेलवुल्फ, त्याचे चार मुलगे एकामागून एक गादीवर आले: एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड आणि आल्फ्रेड. चौथ्याच्या बारशाला कुणाला तरी पुढे वाचणाऱ्यांची दया आली असावी.

माझी भाची साउदम्प्टनला नोकरी करते. तिच्याकडे गेले तेव्हा मी लंडनच्या टॉवरचं नाव काढलं, तर म्हणाली, "मावशी, तिथे तू दागिने बघायच्या रांगेत उभी राहशील. तुझे ते एथेल हवेत ना? मग विंचेस्टरला चल." साउदम्प्टनहून गाडीनं वीसेक मिनिटं, लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून आलात तर तासभर. इचन नदीकाठचं हे गाव आज तालुक्याएवढंच वाटतं, पण एके काळी ही वेसेक्सच्या राजांची मुख्य जागा होती, आणि वेसेक्सनंच पुढे बाकीची राज्यं गिळून इंग्लंड उभं केलं.

सुरुवात टेकडीपासून केली. गावाच्या दक्षिणेला सेंट कॅथरीन्स हिल आहे. लाकडी पायऱ्या चढून वर गेलं की गवताखालचा खंदक आणि बांध अजून स्पष्ट दिसतो. लोहयुगातला किल्ला, ख्रिस्तपूर्व काळातला. दगडी तट वगैरे काही नाही. आपल्या सह्याद्रीच्या माणसाला हा किल्ला म्हणून पटवून द्यायला थोडा वेळ लागतो. शेजारून मोटरवेचा सतत घरघराट. वरून पाहिलं की पुढचा क्रम समजतो: टेकडीवरची वस्ती ओसरली, खाली नदीकाठी वस्ती वाढली, तिथे रोमनांनी 'वेंटा बेल्गारम' वसवलं आणि रोमन गेल्यावर समुद्रापलीकडून आलेल्या सॅक्सनांनी (वेसेक्सचे राजे त्यांचेच) त्याच जागेवर बस्तान मांडलं. रोमन विंचेस्टर आज बहुतेक जमिनीखाली आहे, त्यामुळे त्याच्यावर फार वेळ घालवला नाही.

टेकडी उतरून नदीकाठच्या कुरणांतून सेंट क्रॉसला गेलो. हा ११३० च्या दशकात बिशप हेन्री ऑफ ब्ल्वा यानं काढलेला धर्मादाय आश्रम. आजही इथे काळे आणि लाल झगे घालणारे वृद्ध राहतात. दारावर येणाऱ्या वाटसरूला काही खायला-प्यायला द्यायची इथली जुनी रीत अजून चालू आहे. मात्र मागावं लागतं. भाचीनं मला पुढे ढकललं. खिडकीतल्या माणसानं न विचारता, न हसता शिंगाच्या इवल्याशा पेल्यात घोटभर बिअर आणि पावाचा चौकोनी तुकडा पुढे केला. देवळात तीर्थप्रसाद घेतो त्याच मापाचं. मी बिअर घेत नाही, पण जवळजवळ नऊशे वर्षांच्या परंपरेला नाही कसं म्हणायचं? या दानशूर बिशपबद्दल नंतर वाचलेलं इथेच सांगून टाकते. ११४१ मध्ये त्याचा भाऊ राजा स्टीफन आणि मामेबहीण सम्राज्ञी मटिल्डा यांच्या गादीवरून झालेल्या भांडणात याच बिशपच्या माणसांनी लावलेल्या आगीत अर्धंअधिक विंचेस्टर जळलं.

कॅथीड्रलच्या बाहेर, उत्तरेकडच्या हिरवळीवर, जमिनीत विटांच्या ओळी बसवलेल्या दिसतात. लोक त्यावरून चालत जातात, मुलं त्यावर उड्या मारतात. हा 'ओल्ड मिन्स्टर'चा आराखडा. सातव्या शतकाच्या मध्यात, राजा केनवाल्हच्या वेळी बांधलेलं चर्च. १९६० च्या दशकातल्या उत्खननात त्याचा पाया सापडला. मी विटांच्या कडेनं पूर्ण फेरी मारली. आल्फ्रेड ८९९ मध्ये गेला तेव्हा त्याला आधी इथेच पुरलं. मग मुलानं शेजारी 'न्यू मिन्स्टर' बांधून वडिलांना तिकडे हलवलं. १११० मध्ये न्यू मिन्स्टरचे भिक्षू गावाबाहेर हाइड ॲबी या नव्या मठात गेले, जाताना आल्फ्रेडला बरोबर घेऊन गेले. आठव्या हेन्रीनं मठ बुडवले, त्यात हाइड ॲबीही गेली. १७८८ मध्ये त्या जागेवर तुरुंग बांधताना कबरी उकरल्या गेल्या आणि ज्या राजाला इंग्रज 'द ग्रेट' म्हणतात त्याची हाडं कुठे गेली ते कुणाला सांगता येईना. हायस्ट्रीटच्या टोकाला तलवार उंचावलेला त्याचा भलामोठा पुतळा आहे, १९०१ सालचा. पुतळा दणकट आहे. कबर नाही.

इथून पुढे दिवसभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. या गावात जो नवा मालक आला त्यानं जुन्यांना पुसलं नाही. त्यांना उचलून आपल्या घरात नेऊन ठेवलं. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांनीही तेच केलं. १०७९ मध्ये त्यांनी आजचं कॅथीड्रल बांधायला घेतलं, १०९३ मध्ये ते वापरात आलं आणि ओल्ड मिन्स्टर पाडून टाकलं. पण आतले सॅक्सन राजे मात्र नव्या इमारतीत आणले. जिंकलेल्या देशाचे जुने राजे आपल्या छपराखाली असले की गादी आपोआप जुनी होते.

त्या राजांच्या हाडांच्या पेट्या बघायलाच मी आले होते. वेदीच्या दोन्ही बाजूंना दगडी जाळीच्या भिंती आहेत. त्यांच्या माथ्यावर सोळाव्या शतकात बिशप फॉक्सनं रंगीत लाकडी पेट्या ठेवल्या. आज त्या सहा आहेत. पेट्यांवर लॅटिनमध्ये नावं: एग्बर्ट, एथेलवुल्फ (भेटला एकदाचा!), डेन राजा क्नूट, त्याची राणी एम्मा, शिकारीत बाण लागून मेलेला विल्यम रूफस. आतलं मात्र नावांप्रमाणे नाही. १६४२ च्या डिसेंबरात, राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात, पार्लमेंटचे सैनिक कॅथीड्रलमध्ये घुसले, पेट्या खाली ओढल्या आणि राजांची हाडं खिडक्यांच्या काचांवर फेकून मारली. नंतर कुणीतरी सगळी गोळा करून जमेल तशी परत भरली.

अलीकडे ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ती वेगळी करायला घेतली. तेराशेच्या वर हाडं, किमान २३ माणसांची. त्यांत एकच प्रौढ स्त्री निघाली, ती एम्मा असावी. आणि दोन किशोरवयीन मुलं, ज्यांचा कुठल्याच पेटीवर उल्लेख नाही. दक्षिण बाजूच्या प्रदर्शनात या सगळ्याची मांडणी आहे. स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एक वयस्क बाई तिथे होत्या. मी एम्मापाशी रेंगाळले तर म्हणाल्या, "तुम्ही योग्य माणसापाशी थांबलात."

एम्मा खरंच थांबण्यासारखी. नॉर्मंडीच्या सरदाराची मुलगी. १००२ मध्ये इंग्लंडच्या एथेलरेडशी (आल्फ्रेडचा भाऊ नव्हे, नंतरचा दुसरा) लग्न, तो गेल्यावर १०१७ मध्ये त्याच्याच शत्रूशी, क्नूटशी. एका नवऱ्यापासूनचा मुलगा राजा झाला, दुसऱ्यापासूनचाही झाला. आणि ती होती विल्यम द कॉन्कररच्या आजोबांची बहीण. १०६६ मध्ये विल्यमनं गादीवर सांगितलेल्या हक्काला या नात्याचाच धागा होता. इंग्रजांच्या पाठ्यपुस्तकात विल्यमनं जिंकलेली हेस्टिंग्जची लढाई असते, हरलेल्या राजा हॅरल्डच्या डोळ्यात घुसलेला बाण असतो. ज्या बाईमुळे नॉर्मनांचं इंग्लंडशी नातं जुळलं, तिच्या वाट्याला तिथे फार तर एक ओळ येते.

कॅथीड्रलमधून निघताना पश्चिमेच्या दारापाशी वळून वर बघा. ती प्रचंड खिडकी जवळून पाहिली की काहीच जुळत नाही. एक डोकं, त्याखाली भलत्याच कुणाच्या झग्याची घडी, मध्येच नक्षीचा तुकडा. सैनिकांनी फोडलेल्या काचा राजेशाही परत आल्यावर, १६६० नंतर, जशा मिळाल्या तशा जोडून बसवल्या आहेत. दुरून सुंदर दिसते. तिच्याच खाली, दाराच्या दोन बाजूंना, पहिला जेम्स आणि पहिला चार्ल्स या स्टुअर्ट बापलेकांचे ब्राँझचे पुतळे. यादवी युद्धानंतर शिरच्छेद झालेल्या चार्ल्सचं डोकं पुतळ्यावर शाबूत आहे. (जेन ऑस्टिनची कबरही याच कॅथीड्रलमध्ये आहे आणि गर्दी तिथेच सगळ्यात जास्त असते. आम्ही पाया पडल्यासारखं करून पुढे सरकलो.)

टेकाडावरचा ग्रेट हॉल म्हणजे विंचेस्टरच्या किल्ल्याचा उरलेला एकमेव मोठा भाग. तिसऱ्या हेन्रीनं १२२२ ते १२३५ मध्ये तो बांधला. त्याचा जन्मही इथल्या किल्ल्यातलाच. भिंतीवर टांगलेलं गोल मेज बघून भाचीनं विचारलं, "मावशी, हे खरंच आर्थर राजाचं?" नाही. आर्थर हा गोल मेजाभोवती सरदार बसवणारा दंतकथेतला राजा, खरंच कुणी झाला असेल तर पाचव्या-सहाव्या शतकातला. हे ओकचं मेज तेराव्या शतकातलं. साडेपाच मीटर व्यास, बाराशे किलो वजन. रंग तर आणखी पुढचा, आठव्या हेन्रीच्या काळातला. मध्यभागी हेन्रीच्या ट्यूडर घराण्याचा गुलाब, कडेनं चोवीस सरदारांची नावं आणि वर सिंहासनावर आर्थर, ज्याचा चेहरा तरुण हेन्रीवर बेतला आहे असं म्हणतात. १५२२ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स पाहुणा म्हणून आला तेव्हा हेन्रीनं त्याला हे मेज दाखवलं. ट्यूडरांची गादी तेव्हा चाळीस वर्षांचीही नव्हती, आणि पाहुण्याला दाखवायला पूर्वज कुठला, तर थेट आर्थर. हेन्रीची मुलगी मेरी हिनं १५५४ मध्ये त्याच पाहुण्याच्या मुलाशी, स्पेनच्या फिलिपशी, लग्न केलं तेही इथल्याच कॅथीड्रलमध्ये.

याच हॉलमध्ये नोव्हेंबर १६०३ मध्ये प्रसिद्ध दर्यावर्दी सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. पहिला जेम्स नुकताच गादीवर आला होता, लंडनमध्ये प्लेगची साथ होती म्हणून न्यायालय इकडे हलवलेलं. शिक्षा झाली मरणाची, पण ती अमलात आली पंधरा वर्षांनी, १६१८ मध्ये. हॉलच्या बाहेर थोडं चाललं की जुन्या बराकी लागतात. दुसऱ्या चार्ल्सनं १६८३ मध्ये इथे वास्तुशिल्पी क्रिस्टोफर रेनकडून राजवाडा बांधायला घेतला होता. १६८५ मध्ये तो मेला आणि काम थांबलं, उरलेली इमारत १८९४ च्या आगीत गेली. हाच तो चार्ल्स, ज्याला पोर्तुगालच्या कॅथरीनबरोबर मुंबई आंदण मिळाली आणि ज्यानं १६६८ मध्ये ती वर्षाला १० पौंडांवर कंपनीला देऊन टाकली. त्यांचं लग्न १६६२ मध्ये इथून जवळच पोर्ट्समथला लागलं होतं. आज बराकींत लोकांचे फ्लॅट आहेत, लष्करी संग्रहालयं आहेत, त्यांतलं एक गुरख्यांचं.

संध्याकाळी कॅथीड्रलजवळच्या एक्लिप्स इनमध्ये चहा घेतला. इथे ॲलिस लाइलला शेवटची रात्र ठेवलं होतं असं सांगतात. सत्तरीची विधवा. दुसऱ्या चार्ल्सनंतर राजा झालेल्या दुसऱ्या जेम्सविरुद्धचं त्याच्या पुतण्याचं, मॉनमथचं, बंड फसल्यावर पळून आलेल्या एका धर्मोपदेशकाला तिनं घरात आसरा दिला. न्यायाधीश जेफ्रीजनं ग्रेट हॉलमध्ये, म्हणजे रॅलेच्याच जागी, तिच्यावर खटला चालवला आणि जिवंत जाळायची शिक्षा दिली. राजानं फक्त एवढी सवलत केली की जाळण्याऐवजी डोकं उडवावं. २ सप्टेंबर १६८५ रोजी बाजारपेठेत ते झालं. तीन वर्षांनी जेम्सलाच पळून जावं लागलं आणि १६८९ मध्ये पार्लमेंटनं तिची शिक्षा रद्द केली.

"म्हणजे मेल्यावर सुटली?" भाचीनं विचारलं.

"राजा बदलल्यावर," मी म्हटलं, आणि आम्ही बिल मागवलं.