माझ्या महाधमनीचे आठ ब्लॉक

सीटीत महाधमनीचा वर चढणारा भाग ५.६ सेंटिमीटर फुगलेला दिसला, तेव्हा कारण कुणी शोधलंच नाही. वय ६१, रक्तदाब जुना, त्यातूनच झालं असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. फुगलेला भाग कापून कृत्रिम नळी बसवली. तिसऱ्या दिवशी सर्जन राउंडला आले नि जाता जाता म्हणाले, "भिंत चांगलीच जाड निघाली तुमची. आतून झाडाच्या सालीसारखी सुरकुतलेली. तुकडा तपासायला पाठवलाय."

बारा दिवसांनी रिपोर्ट आला. महाधमनीचा दाह, म्हणजे भिंतीला सूज, जायंट सेल पॅटर्न. आणि खाली ती ओळ : क्लिनिकली कोरिलेट करावे, म्हणजे पेशंटची लक्षणं नि बाकी तपासण्यांशी ताडून पाहावे. माझा संतापच झाला. तपासायला तुकडा तुम्हाला दिला, आणि ताळा दुसऱ्यानेच जुळवायचा?

असा दाह संधिवाताचे डॉक्टर बघतात. त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता. जंतू नाहीत, हे कशावरून? क्षय, सिफिलिस, इतर जंतू, सगळे महाधमनीला सुजवू शकतात, आणि जंतू असताना स्टिरॉइड दिलं तर पेशंट हातचा जायचा. सिफिलिसच्या तपासणीची चिठ्ठी मी चार घड्या घालून पर्सच्या तळाशी ठेवली. या वयात!

मग कळलं की थिएटरमध्ये सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवला होता. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, म्हणजे कल्चरचा, जंतू वाढवून बघण्याचा, रस्ता बंद. छोटासा तुकडा निर्जंतुक बाटलीत कोरा ठेवला असता तर भागलं असतं. संशयच नव्हता, तर सुचणार कुणाला, हेही खरं. आता उरलेल्या ब्लॉकवरच, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्यांवरच, जंतूंसाठीचे खास रंग आणि क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर करायची होती. शिवाय दुसरं मत.

ब्लॉक आणायला मीच गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पेशंट तुमचे कोण?"

"मीच पेशंट."

त्याने एकदा वर पाहिलं नि सही घेतली. प्लॅस्टिकच्या जाळीवर मेणाच्या आठ वड्या, प्रत्येकीत पिवळट पांढरी पट्टी. मेण वितळायला नको म्हणून गाडीत पिशवी मांडीवर धरून बसले.

दुसऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला चक्क सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. लवचिक तंतू काळे दिसतील असा रंग दिला होता. एका कडेला काळ्या रेघा ओळीने, विंचरलेल्या केसांसारख्या. तिथून जरा सरकलं की कसर लागलेलं कापड : रेघा तुटलेल्या, मधे पोकळ पट्टा, काठावर एकाच पेशीत दहा-बारा केंद्रकं घेऊन बसलेल्या मोठ्या पेशी. "या तुमच्या जायंट सेल्स. सूज मुख्यतः मधल्या थरात आहे. प्लाझ्मा पेशी थोड्या आहेत, त्यामुळे आयजीजी४चा आजार वाटत नाही, त्यात या पेशी भरपूर असतात."

"मग नाव का नाही देत, मॅडम?"

"अहो, हेच चित्र टाकायासूत, म्हणजे महाधमनी नि तिच्या फांद्या सुजवणाऱ्या आजारात, दिसू शकतं, कानशिलातल्या टेम्पोरल आर्टरीच्या आजारात दिसतं, आणि नुसत्या महाधमनीपुरत्या दाहातही. बाकीच्या धमन्या मला काचेवर दिसत नाहीत ना."

त्या ओळीवरचा माझा राग तिथे उतरला. बराचसा.

जंतूंचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले. टेम्पोरल आर्टरीच्या आजाराची लक्षणं, म्हणजे डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, दृष्टीत फरक, यातलं मला काहीच नव्हतं. दोन्ही हातांचा रक्तदाब सारखा. टाकायासू सहसा तरुण वयात सुरू होतो, म्हणून तो मागे पडला. सूज उजळ दाखवणारा पेट स्कॅन मी मागितला होता, पण ताज्या ग्राफ्टभोवती, म्हणजे बसवलेल्या नळीभोवती, तसाही उजेड दिसतो आणि फसगत होते, म्हणून मानेपासून पोटापर्यंत एमआर अँजिओ, म्हणजे धमन्यांचा एमआरआय, केला. बाकी सगळीकडे भिंत साफ, रक्तातली सूज दाखवणारी सीआरपी नॉर्मल.

डॉक्टरांनी स्टिरॉइड सुरू केलं नाही. रोगाचा भाग बाहेर निघालाय, दुसरीकडे काही दिसत नाही, तर नुसतं लक्ष ठेवू, म्हणाले. ते ठेवायचं मात्र कायमचं, कारण हा आजार पुढे दुसऱ्या ठिकाणी डोकं वर काढू शकतो. ब्लॉक सही करून परत दिले. पुढचा एमआर सहा महिन्यांनी आहे.