जुना टेबल सॉ: आधी टेबल आणि शाफ्ट, मोटर सगळ्यात शेवटी

स्थिती: 10 इंची पोर्टेबल टेबल सॉ (टेबलाच्या फटीतून वर आलेल्या गोल ब्लेडची करवत), 1800 वॉटची युनिव्हर्सल (कार्बन ब्रशवाली) मोटर, अ‍ॅल्युमिनियमचं टेबल, सेकंड हँड. पाहणी, खोलणी आणि जुळवणी झाली. क्रॉसकट स्लेडचं (आडव्या कापासाठी टेबलावर सरकणाऱ्या पाटीचं) काम अजून चालू आहे. मशीनकडून अपेक्षा दोनच: 18 मिमी प्लाय साईजला कापणं आणि 25 ते 40 मिमी जाडीचा साग उभा चिरणं.

जुनं मशीन बघायला गेल्यावर बहुतेक नवशिके आधी बटण दाबतात, आवाज ऐकतात आणि आवाज बरा वाटला की पैसे काढतात. क्रम नेमका उलटा हवा. कार्बन ब्रश, बेअरिंग, बेल्ट, कपॅसिटर, स्विच हे सगळं बदलता येतं. पिळलेलं टेबल, वाकलेला शाफ्ट, ट्रनियनला (मोटर आणि ब्लेड ज्यावर झुकतात त्या कास्टिंगला) गेलेला तडा किंवा हरवलेला रायव्हिंग नाइफ (ब्लेडच्या मागची पोलादी पात) यांवर घरी बसून इलाज होत नाही. म्हणून आधी भूमिती बघायची, वीज नंतर.

टप्पा 1: कोणतं मशीन

आपल्याकडे जुन्यात साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला पोर्टेबल. बॉश जीटीएस 10 जे हे ओळखीचं उदाहरण: 254 मिमी ब्लेड, 30 मिमी भोक, 3650 आरपीएम, उभ्या ब्लेडला 79 मिमी खोल काप. दोघांनी उचलून गच्चीवर नेता येतं. आवाज कर्कश, टेबल लहान, पण सुटे भाग मिळतात आणि रायव्हिंग नाइफ मुळातच असतो.

दुसरा प्रकार देशी बनावटीचा, लोखंडी स्टँडवरचा, बेल्टवर चालणारा. काही वेळा एकाच शाफ्टवर रंधा आणि करवत दोन्ही असतात, आणि काहींत ब्लेड जागेवर राहून टेबल वरखाली होतं. मोटर दणकट, दुरुस्ती कोपऱ्यावरच्या वाइंडरकडे होते. पण रायव्हिंग नाइफ आणि गार्ड बहुधा नसतात, मायटर गेजची (लाकूड कोनात धरून ढकलणाऱ्या पट्टीची) खाच असली तरी ओबडधोबड, आणि फेन्स (लाकूड ज्याला टेकवून सरकवायचं ती पट्टी) म्हणजे दोन बोल्टांवर सरकणारा अँगल. वर्कशॉपमध्ये रोज लाकूड फाडणाऱ्या सुताराला हे मशीन चालतं, कारण त्याचा हात तयार असतो. शिकणाऱ्याने त्यावर सुरुवात करू नये, हे आमचं स्पष्ट मत.

तिसरा प्रकार अमेरिकेहून परतलेल्यांच्या सामानातून येणारा. दिसायला देखणा, किंमत मोहात पाडणारी. त्यावरची पाटी वाचा. 120 व्होल्ट, 15 अँपिअरच्या युनिव्हर्सल मोटरला 3 केव्हीएचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो उचलणं हा वेगळा व्यायाम. इंडक्शन (बिनब्रशची) मोटर असेल तर 60 ऐवजी 50 हर्ट्झवर ती सुमारे सहाव्या हिश्शाने मंद फिरते (3450 आरपीएमची साधारण 2850 ते 2875) आणि जास्त तापते. पाटीवर 115/230 असं लिहिलेलं असलं तर जोडणी बदलून व्होल्टेजचा प्रश्न सुटतो, फ्रीक्वेन्सीचा नाही. शिवाय शाफ्ट 5/8 इंची, म्हणजे 15.88 मिमी. आपल्याकडच्या 25.4 किंवा 30 मिमी भोकाच्या ब्लेडला रिड्यूसर रिंग शोधत फिरावं लागतं.

टप्पा 2: विकणाऱ्याकडची पाहणी

सोबत न्यायचं सामान: 600 मिमी स्टीलची खात्रीची सरळपट्टी, फीलर गेज (ठराविक जाडीच्या पात्यांचा जुडगा), गुण्या, स्टँडसकट डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं), टॉर्च, बारीक स्क्रू ड्रायव्हर. डायल गेज नसेल तर कुणाकडून मागून न्या. शाफ्टबद्दल डोळा खोटं सांगतो.

प्लग काढून ठेवलेला असतानाच पुढचं सगळं तपासायचं.

टेबल: सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत ठेवा आणि खाली फीलर सरकवून बघा. कडेला 0.3 मिमीपर्यंत फट चालून जाते. ब्लेडच्या आसपास, तोंडाच्या प्लेटपासून (ब्लेड जिच्या फटीतून वर येतं तिच्यापासून) फेन्सपर्यंतच्या पट्ट्यात 0.15 च्या वर नको. दोन कर्णांपैकी एकावर मध्ये फट आणि दुसऱ्यावर पट्टी मध्यावर डुलते, असं दिसलं तर टेबल पिळलेलं आहे. मशीन सोडून द्या. बिडाच्या टेबलावरचा गंज घाबरण्यासारखा नसतो. कोकणातल्या मशीनवर तो असणारच. नखाला लागणारे खड्डे मात्र तसेच राहतात.

शाफ्ट: ब्लेड काढा. नट सोडवताना नियम असा: ब्लेड ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला पाना फिरवला की नट सुटतो. टेबल सॉवर वरचे दात माणसाकडे येतात, म्हणजे पाना वर धरून आपल्याकडे ओढायचा. उलट्या दिशेला जोर लावून आटे मारलेली मशीनं बाजारात कमी नाहीत, तेव्हा आटेही बघून घ्या. मग आतल्या फ्लँजच्या (ब्लेड ज्याला टेकतं त्या चकतीच्या) कडेला डायल गेज टेकवा आणि शाफ्ट हाताने फिरवा. 0.03 मिमीच्या आत काटा हलला तर उत्तम. 0.05 च्या पुढे गेला तर फ्लँज पुसून, बारीक पॉलिश पेपरने साफ करून परत मोजा, कारण बऱ्याचदा चिकटलेला डिंकच आऊट (फिरताना होणारी डुलकी) दाखवतो. तरीही काटा नाचला तर शाफ्ट वाकलेला आहे. फ्लँजवरचा आऊट ब्लेडच्या कडेला जाईपर्यंत काही पटींनी वाढतो. चीर रुंद होते आणि काप खरखरीत येतो.

आता शाफ्ट धरून वरखाली आणि आतबाहेर हलवा. प्ले जाणवला तर बेअरिंग गेलंय. हे नापसंतीचं कारण नाही, भाव पाडण्याचं आहे. बेअरिंगचा नंबर त्याच्या बाजूवर कोरलेला असतो. 6203 म्हणजे 17×40×12 मिमी, 6204 म्हणजे 20×47×14. घेताना दोन्हीकडे रबर सील असलेलं, 2आरएस, घ्या. लाकडाचा भुसा पत्र्याच्या शील्डमधून आत जातो. बेल्टवाल्या देशी मशीनवर पिलो ब्लॉक असतात (यूसीपी 204 म्हणजे 20 मिमी शाफ्ट, 205 म्हणजे 25), ते तर अख्खे बदलता येतात.

ट्रनियन: मशीन आडवं करून टॉर्चने खालून बघा. उंचीचं चाक पूर्ण वर, पूर्ण खाली, मग 45 अंशांपर्यंत झुकवून परत. अडखळलं तर बहुतेक वेळा भुसा आणि ग्रीस यांचा थर असतो. कास्टिंगवर बारीक काळी रेघ दिसली तर नखाने खरवडून बघा. मळ निघतो, तडा राहतो.

रायव्हिंग नाइफ: ब्लेडच्या मागे उभी असलेली ही पोलादी पात लाकडाची चीर मिटू देत नाही. चीर मिटली, किंवा लाकूड फेन्स आणि ब्लेडच्या मध्ये तिरकं अडकलं, की मागचे वर येणारे दात ते उचलतात आणि माणसाच्या दिशेने फेकतात. 254 मिमीच्या ब्लेडची कड 3650 आरपीएमवर सेकंदाला 48 मीटर, म्हणजे ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पळते. यावरून फेक किती जोराची ते समजा. पात सोबत नसेल तर त्याच मॉडेलची सुटी मिळतेय का ते आधी विचारा. नाही म्हणाले तर व्यवहार थांबवा. पत्रा कापून घरी बनवलेली पात वाकडी निघाली तर ती स्वतःच लाकूड अडवते.

मग प्लग लावा. युनिव्हर्सल मोटरच्या ब्रशजवळ लहान निळसर ठिणग्या सामान्य असतात. कम्युटेटरभोवती ठिणग्यांचं पूर्ण कडं दिसलं तर आर्मेचर बाद समजा. ब्रश 6 मिमीच्या खाली झिजले असतील तर नवे लागतील. इंडक्शन मोटर नुसती गुणगुणते आणि हाताने ढकलल्यावर सुरू होते, असं असेल तर कपॅसिटर किंवा सेंट्रिफ्यूगल स्विच, दोन्ही स्वस्तातली कामं. बंद केल्यावर ब्लेड थांबेपर्यंत कान द्या. मोटरचा आवाज नसताना बेअरिंगची खरखर स्पष्ट ऐकू येते.

किंमत: नव्याच्या निम्म्याच्या वर जाऊ नये, आणि ब्लेड, ब्रश, बेअरिंग, तोंडाची प्लेट यांचा खर्च त्यातून वजा करावा. सोबत मिळणारं जुनं ब्लेड शून्य किमतीचं धरा.

टप्पा 3: खोलणी आणि साफसफाई

या मशीनमध्ये ट्रनियनच्या दात्यांत ग्रीसमध्ये मुरलेला भुसा दगडासारखा झाला होता. रॉकेलमध्ये भिजवलेला टूथब्रश आणि बांबूची काडी पुरली. परत ग्रीस लावायचं नाही. कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा मेण लावायचं. ओल्या वंगणावर भुसा बसतो आणि पुन्हा तेच.

अ‍ॅल्युमिनियमच्या टेबलाला गंज नाही, पण ते लाकडावर राखाडी डाग सोडतं. पेस्ट वॅक्स लावून पुसलं की थांबतं. बिडाचं टेबल असेल तर रॉकेल आणि 320 नंबरचा पेपर, मग वॅक्स, आणि पावसाळ्यात वरून प्लायचं झाकण. सिलिकॉनचा स्प्रे कुठेही नको. तो लाकडाला लागतो आणि पॉलिशला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

डिंक बसलेलं ब्लेड कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजत ठेवा, प्लास्टिकच्या ब्रशने घासा, लगेच कोरडं करा.

टप्पा 4: लाईनीत आणणं

पुढचे सगळे काप यावर उभे आहेत, म्हणून इथे घाई नको. क्रमही बदलायचा नाही: आधी ब्लेड मायटरच्या खाचेला समांतर, मग फेन्स खाचेला समांतर, मग 90 आणि 45 चे स्टॉप.

ब्लेड पूर्ण वर घ्या. एका दातावर मार्करने खूण करा. खाचेत घट्ट बसणाऱ्या पट्टीवर डायल गेज लावून तो दात पुढे असताना मोजा, ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि परत मोजा. दोन्ही ठिकाणी एकच दात हवा, म्हणजे ब्लेडचा स्वतःचा वाकडेपणा मोजमापात शिरत नाही. पूर्ण उंचीवर या दोन जागांत साधारण 230 मिमी अंतर मिळतं. इथे सुरुवातीला 0.55 मिमी फरक निघाला. एवढ्या फरकात मागचे दात लाकूड घासतात, सागावर काळे डाग उमटतात आणि लाकूड उचललं जातं.

ट्रनियन टेबलला धरणारे चार बोल्ट असतात. तीन सैल करायचे, चौथा किंचित आवळलेला ठेवायचा. तो खिळीचं काम करतो. लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडीचे हलके टोले. बोल्ट आवळताना वस्तू परत सरकते, म्हणून आमनेसामनेच्या जोड्यांनी थोडं थोडं आवळत दरवेळी मोजा. शेवटी फरक 0.08 वर आला. 0.1 च्या आत असला की पुरे.

मग ब्लेड 45 अंशांवर झुकवून तीच मोजणी करा. 90 वर बरोबर आणि 45 वर चुकीचं आलं, तर टेबल आणि ट्रनियन यांच्यात पुढे किंवा मागे पत्र्याची शिम लागते.

फेन्स मागच्या टोकाला ब्लेडपासून 0.05 ते 0.1 मिमी लांब ठेवा. आत वळलेला फेन्स सगळ्यात धोक्याचा. आवळून, सोडून, परत आवळून बघा. दरवेळी वेगळं माप येत असेल तर फेन्सच्या मागच्या पकडीची जुळवणी बाकी आहे.

90 अंशांसाठी गुण्यावर थांबू नका. 70 मिमीच्या आसपास उंचीचा तुकडा उभा कापा, एक अर्धा उलटा करून कापलेले पृष्ठभाग एकमेकांना भिडवा. दिसेल ती फट चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक चूकही दिसते.

रायव्हिंग नाइफ शेवटी: ब्लेडच्या पातीपेक्षा जाड, कापाच्या रुंदीपेक्षा बारीक. 1.8 मिमी पात आणि 2.8 मिमी काप असलेल्या ब्लेडला 2.3 मिमीचा नाइफ चालतो. पातळ कापाचं ब्लेड हौसेने आणलं आणि नाइफ त्यापेक्षा जाड निघाला की लाकूड मध्येच अडकतं. दातांपासून अंतर 3 ते 8 मिमी.

टप्पा 5: वीज

16 अँपिअरचा प्लग, 2.5 चौरस मिमी वायर, अर्थिंग तपासलेलं, 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारं). बारीक वायरच्या लांब एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. नो-व्होल्ट रिलीज स्विच नसेल तर तो आधी बसवा. कापताना वीज गेली, ब्लेड थांबलं, तुम्ही लाकूड काढायला हात घातला आणि वीज परत आली, तर साधा स्विच मशीन आपोआप सुरू करतो. महावितरणच्या भागात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

टप्पा 6: पहिले काप

उभं चिरायला 24 दातांचं ब्लेड, प्लाय आणि आडव्या कापाला 60. सगळ्याला 60 वापरलं तर साग जळतो, कारण भुसा बाहेर पडायला दातांमध्ये जागाच नसते. ब्लेडची उंची लाकडाच्या वर साधारण अर्धा ते एक दात. ब्लेडवर छापलेली कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त आहे ना, हे बघितल्याशिवाय बसवायचं नाही.

हातमोजे नकोत, लोंबणारी बाही नको. ब्लेडच्या रेषेत उभं राहायचं नाही. ब्लेड आणि फेन्समधलं अंतर हाताच्या पंजापेक्षा कमी असलं की पुश स्टिक (लाकूड ढकलायची काठी). एन95 मास्क लावाच. लाकडाच्या धुळीला आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने) मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. जुन्या वाड्यातला साग असेल तर आधी चुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा कार्बाइडचे दोन-चार दात घेऊन जातो.

निकाल: 18 मिमी प्लायवर वरची बाजू स्वच्छ, खालच्या बाजूला टवके. त्यासाठी झीरो क्लिअरन्स प्लेट (जिची फट ब्लेडएवढीच रुंद असते) बनवायची आहे; या मशीनमध्ये प्लेटची जागा उथळ असल्याने प्लायऐवजी 3 मिमी अ‍ॅक्रिलिक लागेल. 40 मिमी सागाची चीर सरळ, डाग नाहीत.

बाकी कामं: स्लेडचा फेन्स पाच कापांच्या पद्धतीने तपासणं. चौकोनी तुकड्याच्या चारही बाजू क्रमाने कापायच्या, पाचव्यांदा पहिलीच बाजू परत कापून पट्टी काढायची आणि तिची दोन टोकं व्हर्नियरने मोजायची. 300 मिमीच्या पट्टीत 0.4 मिमी फरक आला तर चारने भागून 300 मिमीला 0.1 मिमी एवढी खरी चूक. त्यानंतर मागे आऊटफीड टेबल (कापून पुढे आलेलं लाकूड पेलणारं), मशीनच्या टेबलापेक्षा 1 ते 2 मिमी खाली, नाहीतर लाकडाचं टोक त्याच्या कडेला अडतं.