नऊ वर्षं सात महिने

फेब्रुवारी २०२१. माउली माझ्या टेबलासमोर बसले तेव्हा त्यांना काम सुटून चौदा महिने झाले होते. नाव ज्ञानेश्वर, म्हणून सगळे माउलीच म्हणतात. वय ३७, मूळचे गंगाखेडकडचे, रांजणगाव शेणपुंजीत भाड्याची खोली, वाळूजला पॉवर प्रेसवर ऑपरेटर. कॅरीबॅगमधली कागदं टेबलावर ओतून म्हणाले, "भाऊ, पीएफ सगळा काढून द्या, पेन्शनसकट."

वाळूज एमआयडीसीत पीएफ काढून देण्याचं काम म्हणजे निम्मा वेळ नाव जुळवण्यात जातो. आधारवर ज्ञानेश्वरचं स्पेलिंग डी-एन-वायनं, ठेकेदाराच्या क्लार्कनं भरलेलं जी-वायनं. दुरुस्तीच्या अर्जावर तेव्हा मालकाची सही लागायची आणि ठेकेदार माणूस कमी केल्यावर फोन उचलत नाही. मग बँक. एप्रिल २०२० मध्ये बँकांची विलीनीकरणं झाली, शाखेचे आयएफएससी कोड बदलले. पासबुकावर जुना कोड तसाच असला की दावा परत यायचा. तेव्हा पासबुकाचा फोटोही जोडावा लागायचा, तो अंधुक असला तरी परत. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे काम सोडल्याची तारीख. ती भरलेली नसेल तर फॉर्म १९, म्हणजे पीएफ काढायचा अर्ज, उघडतच नाही. जानेवारी २०२० पासून कामगाराला ही तारीख स्वतः भरता येते, पण शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटल्यावरच, आणि आधारला जोडलेल्या मोबाईलवरच्या ओटीपीनंच. माउलींच्या दुसऱ्या ठेकेदारानं तारीख भरली नव्हती. ती आम्ही दहा मिनिटांत भरली.

दुसरा ठेकेदार म्हणालो, कारण खाती तीन होती. गेट तेच, प्रेस तोच, सुपरवायझरही तोच. ठेकेदार तेवढे बदलत गेले. दर बदलाला नवा पीएफ नंबर, आणि विमा कार्डही एकदा नवीन. आपण एकाच कंपनीत आहोत असं माणसाला वाटत राहतं, कागदावर मात्र त्याची नोकरी तीनदा संपलेली असते. हे कुणी सांगत नाही. सांगायचं काम ठेकेदाराचं होतं आणि मुख्य कंपनीच्या एचआरचंही होतं.

पोर्टलवर दोनच खाती दिसत होती. यूएएन, म्हणजे कामगाराची सगळी पीएफ खाती एकत्र दाखवणारा कायमचा नंबर, ऑक्टोबर २०१४ मध्ये आला. त्याआधीचं खातं जोडून घेतलं नसेल तर ते दिसतच नाही. कागदांत शोधताना २०१३ सालची एक पगाराची स्लिप निघाली, घामानं चिकटलेली, चार घड्यांची. घडीवर शाई उडाली होती, पण खालच्या कोपऱ्यात पीएफ नंबर शाबूत होता. असा नंबर सापडला की खरंच बरं वाटतं. नाहीतर ते पैसे आहेत हेच माणूस विसरून जातो.

मग पेन्सिलीनं बेरीज केली. जून २०१० ते जुलै २०१४, चार वर्षं दोन महिने. ऑगस्ट २०१४ ते ऑगस्ट २०१७, तीन वर्षं एक महिना. सप्टेंबर २०१७ ते डिसेंबर २०१९, दोन वर्षं चार महिने. एकूण नऊ वर्षं सात महिने. बिनवर्गणीचे एनसीपी दिवस १९, ते वजा केले तरी साडेनऊच्या वरच.

पेन्शन योजनेत साडेनऊ वर्षं झाली की दहा धरतात. दहा झाली की फॉर्म १० सी (पेन्शनचे पैसे काढायचा अर्ज) भरून रोख मिळत नाही, स्कीम सर्टिफिकेट (नोकरीच्या वर्षांचा दाखला) मिळतं आणि ५८ व्या वर्षापासून पेन्शन. माउलींचा मूळ पगार ९,८०० धरला तर गुणिले दहा, भागिले सत्तर: महिना १,४००. तीन तुकडे वेगवेगळे मोडले असते तर साधारण वर्षाला एक, त्या त्या ठेकेदाराकडचा शेवटचा पगार या हिशोबानं ६८-७० हजार आज हातात पडतात. आसपासची दुकानं हेच करून देतात, वर दोन हजार घेतात. त्यांच्याकडून निघालेल्या कामगाराला आपण जन्मभराची पेन्शन मोडली हे कळतही नाही. याला मी सेवा म्हणणार नाही.

हे सगळं सांगितलं. माउली बराच वेळ स्लिपकडं बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, ही स्लिप सापडलीच नाही असं म्हणा की."

पहिलं खातं बाहेर ठेवलं तर बाकी दोन्हींची बेरीज पाच वर्षं पाच महिने. पेन्शनचे ४४-४५ हजार निघतात. खाती एकत्र करायची तर ट्रान्सफरला कित्येक आठवडे, आणि तोवर फॉर्म १९ चे पैसेही अडकलेले. कोरोनाचा ॲडव्हान्स त्यांनी २०२० मध्येच घेऊन संपवला होता. "अठ्ठावन्नाव्या वर्षी चौदाशे रुपयांचं काय करू? दुकानदाराची उधारीच एकोणीस हजार झाली."

मला अजून चीड येते ती विम्याची. ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारी भत्ता ९० दिवसांपर्यंत मिळतो. सरकारनं तो सरासरी रोजाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केला, पण २४ मार्च २०२० पासून काम सुटलेल्यांनाच. वाहन उद्योगातली मंदी २०१९ मध्येच आली होती. पार्ट बनवणाऱ्या शॉपमधली माणसं दिवाळीच्या आधीपासून 'ब्रेक'वर जात होती. लॉकडाऊनच्या तीन महिने आधी घरी बसवलेल्या माउलींसाठी दर २५ टक्केच, तेही आयुष्यात एकदाच. शिवाय विमा नंबर दोन असल्यानं नोकरी एका नंबरवर सलग दिसत नाही. आधी शाखेत दोन्ही नंबर एक करून घ्यावे लागतात. ज्याचं काम आधी गेलं त्याला कमी, हा हिशोब मला कुणी समजावून दिलेला नाही.

नंबर एकत्र करण्याचा अर्ज त्याच दिवशी लिहिला, दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स लावल्या, त्यांनी सही केली. ट्रान्सफरच्या अर्जावर केली नाही. "घरी विचारतो," म्हणाले. स्लिप पुन्हा चार घड्या घालून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवली. झेरॉक्स काढून ठेवू का विचारलं, तर मान हलवून नको म्हणाले.